वृषणाचं जुनाट दुखणं: नसा तोडायच्या, वृषण काढायचं, की गप्प सोसायचं?

अर्धविराम (धागाकर्ता)
सोमवार, रात्री १०:४०

विषय अक्षरशः अवघड जागेचा आहे, म्हणून हा नवा आयडी. जुन्या आयडीने मी इथे ऱ्हस्व-दीर्घावरून भांडत असतो, त्या मंडळींना हे कळायला नको.

वय ३८. गेले १४ महिने डावं वृषण दुखतंय. सणक नाही, चमक नाही. कोणीतरी मुठीत धरून हलकेच दाबलंय आणि सोडायला विसरलंय, असं. सकाळी उठतो तेव्हा जवळजवळ काहीच नसतं. दुपारनंतर सुरू होतं, उभ्याने काम असेल तर संध्याकाळी जांघेपर्यंत ओढ लागते. आडवा झालो की अर्ध्या तासात उतरतं. पहिले दोन महिने कोणाला बोललोच नाही, ते वेगळं.

अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, दुसरा चांगला चार आठवड्यांचा. फरक शून्य. लघवीची तपासणी स्वच्छ. सोनोग्राफीत ‘विशेष काही नाही’. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणं तसंच ठेवून पोट तेवढं बिघडवलं.

आता दोन डॉक्टर, दोन मतं. पहिले म्हणाले, मायक्रोस्कोपखाली वृषणाकडून येणाऱ्या नसा तोडू, म्हणजे दुखल्याची खबर मेंदूपर्यंत पोचणारच नाही. दुसरे वयाने आणि नावाने मोठे. त्यांनी फाइलमधून मान वर न करता सांगितलं, “एक काढून टाकू. दुसरं आहेच की.” घरी येऊन बायकोला मी फक्त पहिलं मत सांगितलं.

यातलं काही कोणी करून घेतलंय का? सल्ले चालतील, पण अनुभव जास्त हवेत.

निवांत
वाचतोय. म्हणजे सहजच वाचतोय. मला काही झालेलं नाही.

खवचट
@निवांत, “एका मित्रासाठी विचारतोय” एवढंच राहिलं बघा.

धागाकर्ते, ‘अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर’ ही म्हण ज्याने काढली, त्याच्या घरी नक्की हेच झालं असणार. चेष्टा बाजूला ठेवतो. १४ महिने म्हणजे फार झालं हो. लवकर सुटका होवो.

चौकट
हसा. माझे जावई खरोखरच डॉक्टर आहेत. मला हायड्रोसील (वृषणाभोवती पाणी साठणं) झालं तेव्हा मी आठ महिने ढगळ पायजमे घालून काढले, केवळ घरात कोणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. शेवटी जावईच म्हणाले, “बाबा, तुम्ही चालताय ते बघून मला सहा महिन्यांपूर्वीच कळलं होतं, पण तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो.” साधं ऑपरेशन होतं. पाणी गेलं, जडपणा गेला. लाजेने आठ महिने खाल्ले.

टाकेवाला
मी युरोलॉजिस्ट आहे. इथे कोणाचं निदान करणार नाही. पण धागाकर्त्यांना दोन गोष्टी विचारतो. तुम्हाला उभं करून कोणी तपासलं का? आणि सोनोग्राफी नुसती आडवं झोपवून झाली, की उभं राहून, श्वास कोंडून पोटाला जोर द्यायला लावून झाली?

आता थोडं सगळ्यांसाठी. तीन महिन्यांहून जास्त दिवस दुखत असेल, सतत किंवा येऊन-जाऊन, आणि रोजच्या जगण्यात त्याचा अडथळा होत असेल, तर आम्ही त्याला जुनाट दुखणं धरतो. कारणांची यादी लांबलचक आहे: व्हेरिकोसील, हायड्रोसील, एपिडिडिमिसची (वृषणाच्या मागे चिकटलेल्या वेटोळ्या नळीची) सूज किंवा त्यातली गाठ, जुना मार, हर्नियाचं ऑपरेशन, नसबंदी, मूत्रवाहिनीतला खडा, पाठीचा मणका, ओटीपोटाच्या तळाचे आवळलेले स्नायू. आणि हे सगळं तपासूनही बऱ्याच जणांत कारण हाती लागत नाही, हेही खरं.

खडा आणि मणका या यादीत बघून लोक चक्रावतात. गर्भात वृषण मूत्रपिंडाच्या शेजारी तयार होतं आणि मग खाली उतरतं. उतरताना आपल्या रक्तवाहिन्या आणि नसा वरूनच ओढत आणतं. त्यामुळे घर खाली आणि तारेचं मीटर वर, असा प्रकार आहे. बिघाड वर असला तरी दिवा खाली लुकलुकतो.

अर्धविराम
@टाकेवाला, मनापासून आभार. उभं करून कोणीच तपासलं नाही. पहिल्या डॉक्टरांनी टेबलावर झोपवून तपासलं, दुसऱ्यांनी हातच लावला नाही, रिपोर्ट बघितला फक्त. सोनोग्राफीही झोपूनच झाली. जोर वगैरे लावायला कोणी सांगितलं नाही.

टाकेवाला
मग कुठल्याही ऑपरेशनची तारीख घेण्याआधी ते करून घ्या. सकाळी काही नाही, उभं राहून वाढतं, आडवं झालं की उतरतं, आणि बाजू डावी. हे वाचून माझ्या डोक्यात व्हेरिकोसील येतं. वृषणाच्या वरच्या शिरा फुगतात, पायावरच्या शिरा फुगतात तशाच. डावीकडची शीर लांब असते आणि ती डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, म्हणून रक्त तुंबायचं प्रमाण तिकडे जास्त. साधारण १५ टक्के पुरुषांत व्हेरिकोसील असतं आणि त्यातल्या बहुतेकांना काही त्रासही नसतो. त्यामुळे सापडलं म्हणजे तेच गुन्हेगार असं नाही. पण बघायला तर हवं.

सरळरेषा
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. रिपोर्ट नॉर्मल, लघवी नॉर्मल, तरी १४ महिने दुखतंय? अशा वेळी निम्मं दुखणं डोक्यात असतं. लक्ष काढा तिथून, व्यायाम करा, निघून जाईल. सुरी लावायची घाई करू नका.

रानपाखरू
@सरळरेषा, राग मानते.

माझ्या नवऱ्याला नसबंदीनंतर दुखायला लागलं तेव्हा हे वाक्य आम्ही चार वेगवेगळ्या लोकांकडून ऐकलं, त्यातले दोन डॉक्टर होते. “लक्ष काढा.” ज्याचं लक्ष मुलाला उचलून घेताना, गाडीत बसताना, झोपेत कूस बदलताना दर वेळी तिथे खेचलं जातं, त्याने ते काढून ठेवायचं कुठे?

नसबंदी हे सोपं आणि सुरक्षित ऑपरेशन आहे, मी कोणाला घाबरवत नाही. पण अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिलंय की १ ते २ टक्के पुरुषांना त्यानंतर जगण्यावर परिणाम करणारं जुनाट दुखणं राहू शकतं. आम्ही त्या १ ते २ टक्क्यांतले. कोणीतरी असणारच की.

यांचं दुखणं संबंधानंतर वाढायचं. एपिडिडिमिस फुगलेलं हाताला लागायचं. डॉक्टर म्हणाल्या (हो, बाई होत्या, आणि पहिल्यांदा नीट ऐकून घेणाऱ्या त्याच), नळी बांधल्यामुळे मागे दाब साठतोय. वर्षभर गोळ्या, सपोर्टर वगैरे झाल्यावर नळी परत जोडून घेतली. नसबंदी उलटवली म्हणा ना. दोन महिन्यांत ऐंशी टक्के आराम. राहिलेल्या वीस टक्क्यांशी त्यांचं जमलंय.

खवचट
@रानपाखरू, मग पुढे? म्हणजे... नळी जोडली ना...

रानपाखरू
@खवचट, दुसरे उपाय जगात आहेत. तुमची काळजी पोचली.

दोनशेपानी
धागाकर्ते, तुम्हाला जे पहिल्या डॉक्टरांनी सुचवलं ते मी तीन वर्षांपूर्वी करून घेतलंय. उजवी बाजू. सविस्तर लिहितो, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत एक ओळ सापडली नव्हती.

माझं कारण कधीच सापडलं नाही. क्रिकेटचा चेंडू लागला होता, पण तो त्याआधी सहा वर्षं, आणि तेव्हा दोन दिवसांत बरं वाटलं होतं. दोन वर्षं मी खुर्चीच्या कडेवर बसत होतो. गाडी चालवताना टॉवेलची गुंडाळी मांडीखाली. विजार घालताना भिंतीला टेकायचो, कारण एका पायावर उभं राहून दुसरा पाय वर घेतला की पोटात ढवळून यायचं. या असल्या गोष्टी रिपोर्टात येत नाहीत.

आता शस्त्रक्रियेबद्दल. वृषण ज्या दोरीला लोंबतं, ती वृषणरज्जू. तिच्यात रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या, वीर्यनलिका आणि नसा सगळं एकत्र असतं, भोवती स्नायूचं आवरण. जांघेच्या खाली साधारण बोटभर चीर घेऊन ही दोरी बाहेर घेतात आणि मायक्रोस्कोपखाली उलगडतात. मग रोहिण्या आणि लसिकावाहिन्या जपायच्या आणि बाकी ज्यातून नसा जातात ते सगळं तोडायचं, म्हणजे ते स्नायूचं आवरण, वीर्यनलिकेभोवतीचा पापुद्रा, रोहिणीभोवतीच्या बारीक नसा. रोहिणी तुटली तर वृषण सुकू शकतं. लसिकावाहिन्या तुटल्या तर पाणी साठून हायड्रोसील होतं. म्हणून छोटा डॉपलर लावून रोहिणीचा ठोका ऐकत ऐकत काम चालतं. माझ्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की वेळ तोडण्यात जात नाही, काय तोडायचं नाही ते ओळखण्यात जातो.

ही कल्पना १९७८ साली देव्हाइन आणि शेलहॅमर यांनी मांडली. मायक्रोस्कोपखाली करायला लागले ते नंतर, १९९६ साली लव्हाइन आणि सहकाऱ्यांनी तसं प्रसिद्ध केलं. त्याच गटाने २००८ साली ९५ वृषणांचा हिशेब दिला: ७१ टक्क्यांत दुखणं पूर्ण गेलं, १७ टक्क्यांत कमी झालं, १२ टक्क्यांत काहीच फरक नाही. हे आकडे वाचून हुरळू नका. त्यांनी माणसं निवडून घेतली होती आणि निवड केली होती ती ब्लॉकवरून.

दोनशेपानी
(मागचं पोस्ट लांबलं म्हणून इथे.)

ब्लॉक म्हणजे वृषणरज्जूत भुलीचं इंजेक्शन. जांघेजवळ हाडाचा उंचवटा लागतो, तिथे दोरी बोटांत धरून तिच्यात बुपिव्हाकेन सोडतात. दुखणं दोरीतल्या नसांवाटे वर जात असेल तर ते काही तास गायब होतं. औषध उतरलं की परत. हा इलाज नाही, चाचणी आहे. निम्म्याहून जास्त आराम पडला तर ऑपरेशनचा उपयोग व्हायची शक्यता चांगली. काहीच फरक पडला नाही तर नसा तोडून हाताला काय लागणार? दुखण्याची वाट वेगळी आहे.

मला ब्लॉक दिल्यावर मी दवाखान्याचा जिना उतरलो आणि खाली जाऊन परत वर चढलो. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, काही विसरलात का? म्हटलं नाही, नुसता चढून बघतोय.

ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी घरी. पहिला आठवडा सूज आणि निळंजांभळं कातडं बघून वाटलं, काय करून बसलो. खरं दुखणं गेलं की नाही हे महिनाभर कळतच नाही, कारण टाक्यांचं दुखणं त्याच्यावर बसलेलं असतं. अडीच महिन्यांनी एके दिवशी लक्षात आलं की सकाळपासून आठवणच आली नाही. अंडकोशाच्या पुढच्या कातडीवर रुपयाएवढा भाग अजून बधिर आहे. त्याचं काही वाटत नाही.

निवांत
जिना परत चढलात ते वाचून गलबललं. (मित्राला सांगतो.)

उंटावरचा
मी इथे सहसा लिहीत नाही. धागाकर्त्यांचे दुसरे डॉक्टर वाचले आणि राहवलं नाही.

मी काढून टाकलं. वय तेव्हा ३४. मलाही हेच वाक्य, “दुसरं आहेच की.” ब्लॉक दिला नाही, मायक्रोस्कोपचं नाव कोणी काढलं नाही, मलाही विचारायचं सुचलं नाही. मला फक्त ते थांबायला हवं होतं. त्या दिवसांत कोणी पाय काढू म्हणाला असता तरी सही केली असती.

दुखणं राहिलं. आता जिथे काही नाही तिथे दुखतं. पूर्वीइतकं नाही, पण त्याच जागी, तोच दाब. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की तार बरीच वरून चिडलेली असेल तर दिवा काढून काही होत नाही.

काढू नका असं म्हणत नाही. काहींना त्याने सुटका मिळते, मी अशा दोघांशी बोललोय. पण ती शेवटची पायरी आहे. पहिलीवर उभं राहून शेवटचीवर उडी मारू नका.

टाकेवाला
@उंटावरचा, लिहिलंत ते फार मोलाचं आहे.

त्याला पुस्ती जोडतो. १९९० साली डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांची नोंद दिली. जांघेतून वृषण काढलं त्यांच्यात ७३ टक्क्यांना पूर्ण आराम, अंडकोशातून काढलं त्यांच्यात ५५ टक्क्यांना. पण गट अगदी लहान होते. म्हणजे काढल्यावरही चौघांतल्या एकाला किंवा त्याहून जास्त जणांना पूर्ण आराम पडत नाही आणि गेलेलं वृषण परत येत नाही. नसा तोडण्याचं ऑपरेशन फसलं तर पुढचे रस्ते उघडे असतात, हे फसलं तर नसतात. म्हणून क्रम महत्त्वाचा.

एपिडिडिमिस तेवढं काढायचाही पर्याय असतो, पण दुखणं नेमकं तिथेच असेल, हाताला गाठ किंवा सूज लागत असेल तरच. सगळीकडे पसरलेल्या दुखण्यात त्याचा उपयोग कमी.

तिसरामजला
माझी गोष्ट वेगळ्या वाटेची. हर्नियाचं ऑपरेशन झालं, जाळी बसवली. सहा महिन्यांनी वृषण दुखायला लागलं आणि मांडीच्या आतल्या बाजूला भाजल्यासारखी आग. युरोलॉजिस्टकडे तीन चकरा. वृषणात काही नाही, काही नाही, काही नाही. खरंच काही नव्हतं! जांघेतून जाणारी नस जाळीच्या व्रणात अडकली होती. जांघेत इंजेक्शन दिल्यावर दोन्ही दुखणी एकदम थांबली तेव्हा उलगडा झाला. नंतर हर्नियावाल्या सर्जननेच परत उघडून जांघेतल्या नसा कापल्या. आता ठीक.

सांगायचा मुद्दा, आधी त्या भागात कुठलंही ऑपरेशन झालं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. मी तिसऱ्या भेटीत सांगितलं, कारण मला ते ‘पोटाचं’ ऑपरेशन वाटत होतं.

मणका
फिजिओथेरपिस्ट आहे. @सरळरेषा यांचं बोलणं मला पटलं नाही, पण त्यात एक धागा पकडण्यासारखा आहे.

ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची झोळी असते. ज्यांचं दुखणं बसल्यावर वाढतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, शौचाला जोर करावा लागतो, त्यांच्यात ही झोळी कायम आवळलेली सापडते. दुखतंय म्हणून आवळतो, आवळलंय म्हणून दुखतं. हे ‘डोक्यात’ नाही, बोटाने चाचपून कळतं. अशांना सैल सोडायचे व्यायाम, श्वसन, हाताने स्नायू मोकळे करणं याने पुष्कळ फरक पडतो. ब्लॉकने आराम न पडणाऱ्यांत हे आवर्जून बघावं. आणि कृपा करून जालावर बघून आवळायचे व्यायाम करू नका, यांना नेमकं उलटं हवं असतं.

धागाकर्त्यांचं वर्णन मात्र त्यातलं वाटत नाही. त्यांचं उभं राहून वाढतंय.

सरळरेषा
@रानपाखरू, @मणका, मान्य. माझं बोलणं तुटक झालं. मला स्वतःला असं कधी झालेलं नाही, एवढं आधी सांगायला हवं होतं.

खवचट
इतक्या लवकर माघार? हा धागा इतिहासात जमा होणार.

घड्याळजी
थोडं अवांतर, पण या विषयावर धागा निघालाय तर हे इथे असायलाच हवं.

वर सगळं जुनाट दुखण्याचं चाललंय. अचानक, तासाभरात उठलेलं जोरदार दुखणं ही वेगळी गोष्ट आहे. माझा भाचा १५ वर्षांचा. पहाटे चारला पोट दुखतंय म्हणून उठला, उलटी झाली. बहिणीला वाटलं अपचन. पोरगं लाजेने खरी जागा सांगेना. सातला बापाच्या कानात म्हणाला. आठ वाजता ऑपरेशन टेबलावर होता. वृषण दोरीसकट पिळलं गेलं होतं, रक्त बंद. वाचलं, कारण सहा तासांच्या आत होतं. उशीर झाला असता तर काढावं लागलं असतं. त्याच वेळी दुसऱ्या बाजूलाही टाके घालून ते जागेवर पक्कं केलं, म्हणजे पुढे तेही पिळलं जायला नको.

घरात वयात आलेला मुलगा असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा: तिथे अचानक दुखलं तर लगेच सांगायचं, मध्यरात्र असली तरी.

टाकेवाला
@घड्याळजी, शंभर टक्के. अशा वेळी सोनोग्राफीच्या रांगेत बसवून ठेवणंही चूक ठरू शकतं. आणि जुनाट दुखणं असलेल्यांनीही नवी टणक गाठ लागली तर, किंवा उजव्या बाजूला मोठ्या वयात नव्याने व्हेरिकोसील दिसलं तर थांबू नये. उजवीकडचं असं नवं व्हेरिकोसील असलं की आम्ही पोटात, मूत्रपिंडाजवळ काही दाबत नाही ना, ते बघतो.

चौकट
भाच्यासारखाच मी. वय वाढलं, लाज तेवढीच.

निवांत
बरं, सांगूनच टाकतो. मित्र मीच. दोन महिने झालेत, उजवीकडे, बारीकसं. या धाग्यामुळे उद्याची वेळ घेतली आहे.

खवचट
आम्हाला कोणालाच कल्पना नव्हती हो! जाऊन या. आणि उभं राहून तपासा म्हणावं.

अर्धविराम
पाच आठवड्यांनी परत येतोय.

तिसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आत गेल्यावर पहिलं वाक्य म्हटलं, “उभे राहा.” मग खोकायला लावलं, श्वास कोंडून जोर द्यायला लावला. डाव्या वृषणाच्या वर बोटं ठेवून म्हणाले, “हे बघा, तुम्हीच हात लावा.” गांडुळांचा पुंजका पिशवीत भरल्यासारखं काहीतरी बोटाखाली फुगलं आणि मी आडवा झाल्यावर नाहीसं झालं. १४ महिने ते माझ्याच अंगावर होतं. उभ्याने केलेल्या डॉपलरमध्येही रक्त उलटं येताना स्पष्ट दिसलं.

तरीही त्यांनी ब्लॉक दिलाच. म्हणाले, व्हेरिकोसील आहे हे कळलं, दुखणं या दोरीतूनच येतंय हे अजून कळायचंय. इंजेक्शन टोचताना जांघेत बोथट कळ आली आणि मग दहा मिनिटांत सगळं गेलं. कसं सांगू? सततच्या पंख्याचा आवाज बंद झाल्यावर तो चालू होता हे कळतं ना, तसं. घरी येऊन सोफ्यावर बसलो तर बायको म्हणाली, आज सरळ बसलास. मी गेलं वर्षभर उजव्या कुल्ल्यावर कलून बसत होतो, हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. रात्री नऊच्या सुमाराला हळूहळू परत आलं. त्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

मग तिला दुसऱ्या डॉक्टरांचं मतही सांगून टाकलं. दोन दिवस बोलली नाही. वृषणावरून नाही, लपवलं म्हणून.

आता ठरलंय ते असं: जांघेखालच्या त्याच एका चिरेतून मायक्रोस्कोपखाली फुगलेल्या शिरा बांधायच्या. डॉक्टर म्हणाले, दोरी उघडलेलीच आहे तर नसाही तोडता येतील, पण त्यांचा कल आधी फक्त शिरा बांधून तीन महिने थांबण्याकडे आहे. दुखण्याचं स्वरूप शिरांशी इतकं जुळतंय की जास्तीचं काही करायची गरज पडू नये, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, पडली तर? तर नसांचा रस्ता उघडा आहेच, फक्त दुसऱ्यांदा उघडल्यावर चिकटलेल्या व्रणातून काम अवघड होतं, हेही त्यांनी लपवलं नाही. दोन रात्री विचार केला. फक्त शिरा.

तारीख पुढच्या गुरुवारची.

उंटावरचा
बरोबर केलंत.

टाकेवाला
निर्णय पटण्यासारखा आहे. तुमचे डॉक्टर दुसरं म्हणाले असते तरी मी त्यांना चूक म्हटलं नसतं, हे मुद्दाम लिहितो, कारण उद्या हे वाचून कोणी आपल्या डॉक्टरांशी भांडायला जाईल. एवढंच विचारून घ्या की रोहिणी आणि लसिकावाहिन्या ओळखून जपणार ना. मायक्रोस्कोप आहे म्हणजे जपतीलच.

रानपाखरू
दोन दिवसच बोलली नाही? समजूतदार बाई आहे.

निवांत
माझं एपिडिडिमिसमधलं बारीक पाण्याचं पुटकुळं निघालं. काही करायचं नाही म्हणाले, सपोर्टर घाला आणि सहा महिन्यांनी दाखवा. उभं राहूनच तपासलं. मी विचारायच्या आधीच.

अर्धविराम
@निवांत, वा, बरं झालं! @दोनशेपानी, एक अगदी साधा प्रश्न, डॉक्टरांना विचारायचा राहिला. सपोर्टर ऑपरेशनच्या आधी घेऊन ठेवू का नंतर? आणि माप कसं घ्यायचं?

दोनशेपानी
आधी घ्या आणि दोन घ्या, एक धुवायला पडला की दुसरा. माप कमरेचं बघतात. पण सूज धरून एक साइज मोठा ठेवा. मी नेहमीचा घेतला होता आणि तिसऱ्या दिवशी कात्रीने कापून काढावा लागला.

खवचट
कात्री हा शब्द या धाग्यावर संपादकांनी काढून टाकावा, ही विनंती.